मऊ नळीची वाट

ट्रेमध्ये दोन नळ्या, एक सिरिंज, एक मोजपट्टी आणि वाटीत आईचं पाच मिली दूध. पाळण्यात चार तासांची मुलगी. तिच्या ओठांवरचा फेस आत्ताच पुसला होता, पुन्हा आला होता.

"अहो डॉक्टर, लेकरू मुठी चोखतंय आणि तुम्ही पट्टी काढून बसलात! झबलं बेतताय का?" म्हणत आजीने वाटी उचललीच.

"थांबा आजी! एक थेंबही नाही."

नव्या डॉक्टरचा आवाज जरा चढलाच. तासाभरापूर्वी तिनेच सांगितलं होतं, अन्ननलिका मोकळी आहे, खुशाल पाजा. तोंडातून घातलेली मऊ नळी सरसर आत गेली होती, वीस सेंटिमीटर, म्हणजे पोटापर्यंत. सिरिंजने हवा सोडल्यावर गुडगुडही ऐकू आली होती. मग हा फेस कुठला? वाट मोकळी असेल, तर पोर स्वतःची थुंकी का गिळत नाही?

"मघाशी हो, आता नाही. तळ्यात-मळ्यात चाललंय नुसतं!"

"मघाशी मी चुकले असेन, आजी."

सिस्टरने चमकून पाहिलं. "वीसपर्यंत गेली होती की. माझ्यासमोर."

"गेली, पण कुठे? अन्ननलिका जन्मतःच मध्ये बंद असली, तर मऊ नळी त्या टोकाशी वेटोळं घालून बसते. हवाही तिथेच गुडगुडते. आपण आपलं खूश, पोटात पोचली म्हणून."

"आणि मी पाजलं असतं तर?" आजीने विचारलं.

"श्वासाच्या वाटेने फुप्फुसात गेलं असतं."

 सिस्टरने आजीच्या हातातली वाटी काढून घेतली.

"बंद निघाली तर?" आजीने डॉक्टरकडे पाहिलं.

"तर लगेच ऑपरेशनची तयारी."

डॉक्टरने दुसरी नळी घेतली. ही जाड, ताठ, दुमडायची नाही. पोरीचे ओठ निळसर झाले. सिस्टरने घाईने सक्शन मशीनने तोंडातला फेस ओढून घेतला, ओठ पुन्हा गुलाबी झाले.

"जा गं बाई खाली," नळी तोंडात घालत डॉक्टर पुटपुटली.

नळी सरकली, आणखी सरकली, आणि अडली. तिने किंचित मागे घेऊन पुन्हा हलकेच सरकवली. पुन्हा तिथेच.

"सिस्टर, ओठांशी किती?"

सिस्टरने वाकून खूण पाहिली, पट्टी लावून खात्री केली.

"दहा सेंटिमीटर."