पन्नास शेअरांचा मालक

मी सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या चाळीत आजवर कोणाचा बसलेला नाही, तुमचा कुठून बसणार! पण परवाच्या शनिवारी सकाळी, दादरच्या एका हॉलमध्ये, झुळूक फॅन कंपनीच्या शेअरहोल्डरांच्या सभेत, तिच्या मोठ्या साहेबाला मी रडवलं. मी, दत्ताराम. वय शहात्तर, डावा गुडघा कामातून गेलेला.

हे मी त्याच संध्याकाळी लालबागला, चाळीच्या दाराशी सांगत होतो. गणपती जाऊन आठ दिवस झाले तरी मांडवाचे बांबू गल्लीतच पडले होते. त्यांच्यावर गुणाजी टेकला होता, माझा लहानपणापासूनचा शेजारी. समोर पायरीवर मालन लसूण सोलत होती. मालन म्हणजे रूपालीची आई, आणि खरं तर ती एकटीच माझी गोष्ट जीव मुठीत धरून ऐकत होती.

कारण रूपाली झुळूकच्याच कॉटन ग्रीनच्या दुरुस्ती विभागात पंख्यांचं वाइंडिंग करते, म्हणजे मोटरला तांब्याची तार गुंडाळते. अकरा बायका आहेत तिथे. कंपनी तीन वर्षं तोट्यात, म्हणून हा विभाग बंद करायचं चाललं होतं. आणि त्याच सभेत साहेबाचा पगार अडतीस टक्क्यांनी वाढवायचा ठराव होता. मी त्या कंपनीतून रिटायर झालेला माणूस. एका दिवाळीला त्यांनी आम्हाला बोनसऐवजी पन्नास-पन्नास शेअर दिले होते. बाकीच्यांनी ते मिळेल त्या भावाला फुंकले, मी ट्रंकेत टाकून विसरलो. त्यामुळे अख्ख्या चाळीत कंपनीचा मालक असा मी एकटाच.

शुक्रवारी रूपाली माझ्याकडे आली. "दत्तूकाका, तुम्ही मालक ना? मग उद्या एवढंच विचारा." प्रश्न तिने लिहूनच आणला होता. चिठ्ठीची घडी घातली, वर स्टेपल मारली आणि माझ्या हातात दिली. "सभेतच उघडायची. नाहीतर दादर येईपर्यंत सगळ्या बसला वाचून दाखवाल."

तर असं.

"पंख्याच्या कंपनीची सभा," मी गुणाजीला सांगत होतो, "आणि छताला एक पंखा नाही! एसी. इतका गार की साहेबाच्या तोंडातून वाफ येत होती."

"ती वाफ चायची आसात," गुणाजी म्हणाला.

"ऐक तर. तोटा पडद्यावर दाखवला. लाल पट्टी. ती एवढी लांब, एवढी लांब, की पडद्यात मावेना. भिंतीवरून खाली उतरली, जमिनीवरून सरपटत आली आणि पहिल्या रांगेतल्या एका आजींच्या चपलेला लागली. आजी किंचाळल्या."

"आणि साहेबाच्या पगाराची पट्टी?"

"ती छत फोडून वर गेली. वरच्या मजल्यावर साखरपुडा चालला होता. भटजींनी तिच्यावर अक्षता टाकल्या."

"मेल्या, पितृपक्षात साखरपुडो?"

"साहेबाच्या पगाराला कसला आलाय पितृपक्ष!"

गुणाजी हसला, पण मालन नाही हसली. "भावजी, गंमत राहू द्या," ती म्हणाली. "माझ्या पोरीचं काय झालं ते सांगा."

"तेच सांगतोय. साहेब उभा राहिला. म्हणाला, दिवस कठीण आहेत. अशा वेळी चांगली माणसं धरून ठेवावी लागतात, त्यासाठी ही वाढ."

"मग माझी रूपाली काय वाईट आहे?"

मी गोष्ट पुढे रेटली.

"सभेच्या आधी साहेब स्वतः माझ्याजवळ आला होता बरं का. नावाने हाक मारली. दत्ताराम, गुडघा काय म्हणतो? अठरा वर्षांनी, मालन! माझा हात दोन्ही हातांत धरला. बटाटेवड्याचा खोका स्वतः आणून दिला."

"ह्या मात्र खरा वाटता," गुणाजी म्हणाला.

"सगळंच खरं आहे! मग मी उठलो. माईक माझ्याकडे चालत आला."

"तुका माईक कोणी दिलो?"

"चालत आला म्हटलं ना! मी चिठ्ठी उघडली, वाचली. एकेका शब्दाला भिंतीचा गिलावा पडत होता. साहेब रडायला लागला. रुमाल सापडेना, म्हणून कंपनीच्या अहवालाने डोळे पुसले, त्याच्या मुखपृष्ठाचा निळा रंग गालाला लागला. म्हणाला, दत्ताराम, मला वाढ नको. त्या अकरा बायकांना हात लावणार नाही."

मालनने लसणाचं ताट खाली ठेवलं. "खरंच, भावजी?" ती उठली. "थांबा, साखर आणते. तोंड गोड केल्याशिवाय जायचं नाही."

ती आत वळली तेवढ्यात कॉटन ग्रीनकडून रूपाली आली. तिने पर्स बांबूंवर ठेवली, शेजारी बसली, चपला काढून पाय चोळू लागली.

"रूपाली, बाळा, काम फत्ते!" मी म्हणालो.

"ऐकलं नाक्यावरून. तुमचा आवाज येतो." तिने मोबाइल काढला आणि दमल्या आवाजात वाचलं, "आजच्या सभेत सर्व ठराव एकमताने मंजूर. दुरुस्ती विभाग एक तारखेपासून बंद." मग म्हणाली, "चार वाजता आला मेसेज. सगळ्यांना."

मालन साखरेचा डबा घेऊन उंबऱ्यात उभी होती. झाकण अजून उघडायचं होतं.

"हे आधीच छापून ठेवलेलं असतं," मी म्हणालो. "ऑफिसची कामं तुला ठाऊक नाहीत का? बदलतील सोमवारी. मी तुझा प्रश्न असा खणखणीत वाचला, असा वाचला, की साहेब..."

रूपाली उठली. माझ्या शर्टाच्या खिशात दोन बोटं घालून तिने चिठ्ठी बाहेर काढली. तारेने खरखरीत झालेली बोटं. चिठ्ठी उलटी केली, सुलटी केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागाला लागतं तेवढं बळही नव्हतं.

"खोटं, दत्तूकाका," ती म्हणाली. "स्टेपल तशीच आहे."