दोन साडू आणि टपावरच्या दांड्या

डॉक्टर दातांचे. दवाखाना बरा चालायचा, हात हलका होता आणि स्वभाव तसा गरीब. फक्त एका माणसाचं नाव निघालं की हा गरीबपणा कुठे पळून जायचा कोण जाणे. तो माणूस म्हणजे त्यांचा साडू.

साडू पंपांच्या कारखान्यात मॅनेजर होता. त्याने टीव्ही घेतला की डॉक्टरांचा टीव्ही आपोआप लहान व्हायचा. त्याने एसयूव्ही घेतली तेव्हा डॉक्टरांच्या चांगल्या चालत्या गाडीला एकाएकी म्हातारपण आलं आणि थोड्याच दिवसांत त्यांच्याही दारात एसयूव्ही उभी राहिली. रंग तेवढा वेगळा घेतला, उगाच कुणी नक्कल म्हणायला नको. आता बरोबरी झाली म्हणून डॉक्टर जरा निवांत होतात न होतात, तोच एका रविवारी साडू सासूबाईंकडे जेवायला आला तो टपावर काळ्या कुळकुळीत दांड्या मिरवीत.

"रूफ रॅक," तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

सासूबाईंनी गॅलरीतून वाकून पाहिलं. "छान आहे. चादरीसुद्धा वाळतील."

"आई, बाहेरगावी जाताना सामान ठेवायला असतं ते."

"आपण बाहेरगावी कधी जातो?" मेव्हणीने आतून विचारलं. साडूने ते ऐकलंच नाही. डॉक्टरांनीही ऐकलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या दांड्यांकडे लागलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांनी अभ्यास सुरू केला. परीक्षेला केला नसेल इतका. चौकोनी दांड्या की विमानाच्या पंखासारख्या? उघडी जाळी की बंद पेटी? चालत्या गाडीच्या टपाला किती वजन झेपतं, उभ्या गाडीच्या टपाला किती? हे सगळं ते पेशंटना सांगायचे. पेशंट खुर्चीत आडवा, तोंडात कापूस, जबडा बधिर, त्यामुळे विरोध असा कुणी केला नाही. एका गृहस्थांनी नुसते डोळे मिटून घेतले, ते डॉक्टरांना संमती दिल्यासारखं वाटलं.

"अहो, पण ठेवणार काय आहात त्याच्यावर?" बायकोने एकदा विचारलं.

"प्रश्न ठेवण्याचा नाहीये."

"मग कशाचा आहे?"

"सोय असावी लागते," डॉक्टर म्हणाले आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. बायको सरकारी शाळेत गणित शिकवायची. उत्तर चुकलं की पुढची पायरी बघायची नाही, ही तिची सवय. ती उठून गेली.

साडूने रॅक घेतला त्याच दुकानात दुकानदारानेही नेमकं तेच विचारलं. "काय न्यायचं असतं आपल्याला? सायकल? शिडी? तंबू?"

डॉक्टरांनी आयुष्यात तंबू पाहिला होता तो सर्कशीचा. "सगळंच," ते म्हणाले.

दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं. त्याने स्वस्तातला रॅक हळूच पाय लावून काउंटरखाली सरकवला आणि सगळ्यात भारीतला पुढे आणला. "हा डोंगरात जाणारे लोक घेतात."

"आमच्या साडूंनी कुठला नेला?"

"ते काय, त्याच्या खालचा."

सौदा तिथेच पक्का झाला.

रॅक बसला. गाडी जरा वेगात गेली की त्यातून बारीक शीळ यायची, कुणीतरी टपावर बसून छेड काढत असल्यासारखी. बायको म्हणाली, "वाजतंय." डॉक्टर म्हणाले, "वारा आहे," आणि गाण्याचा आवाज वाढवला. पुढच्या रविवारी साडूने त्या रॅककडे पाहिलं, हाताने एकदा हलवून पाहिला आणि नुसतं "हं" म्हणाला. त्या एका "हं"वर डॉक्टर महिनाभर खूश होते.

मग सासूबाईंनी घर बदलायचं ठरवलं. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, चार खोल्या झाडून झाडून त्यांची कंबर धरत होती. दोन खोल्यांची जागा मिळाली, तीही दोन्ही लेकींच्या घरांच्या मधोमध. बहुतेक सामान मालवाहू गाडीतून आधीच गेलं. राहिलं थोडं जुनंपानं आणि सासऱ्यांचं टेबल. याच टेबलावर ते नकाशे काढायचे आणि याच टेबलाच्या दोन टोकांना बसून दोघी बहिणींनी अभ्यास केला होता. परक्या माणसांच्या हाती द्यायला सासूबाईंचं मन होईना.

"आपल्या दोन दोन गाड्या आहेत की," त्या म्हणाल्या. "टपावर ते दांडे पण आहेत. घरच्या घरी नेऊ."

टेबल चौघांनी मिळून खाली आणलं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोन्ही रॅक पुसून लख्ख.

"डॉक्टर, तुमचा रॅक दणकट आहे. डोंगरातला," साडू म्हणाला. आजवर त्याने ही गोष्ट कधी कबूल केली नव्हती.

"छे हो, तुमच्या दांड्या रुंद आहेत. टेबल कसं छान बसेल," डॉक्टर म्हणाले. तेही पहिल्यांदाच.

"पण माझ्या टपाला झेपणारं वजन उभ्या गाडीचं धरलंय. चालत्या गाडीला ते निम्मं होतं."

"माझ्या रॅकवर अजून पट्टे बसवलेले नाहीत. नुसत्या दोरीने कोटिंग जातं."

"कोटिंग गेलं की गंज."

"तेच म्हणतोय मी."

इतकी वर्षं एकमेकांचं एक वाक्य न पटलेले दोन साडू त्या दिवशी शब्दाला शब्द जोडून बोलत होते. वाऱ्याचा दाब झाला, वळणावरचा झोल झाला, विम्याच्या अटी झाल्या. सासूबाई टेबलाच्या कडेला हात लावून उभ्या होत्या. ऊन चढत होतं.

"म्हणजे न्यायचं नाही, असंच ना?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही, आई," दोघं एकदम म्हणाले.

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. मेव्हणीने फोन लावला. टेम्पो आला, टेबल चढलं, दोरी आवळली गेली. सासूबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या आणि दोन्ही लेकी मागे टेबलाचा पाय धरून. "आम्ही आहोत मागे!" डॉक्टर ओरडले. रस्ताभर पुढे टेम्पो आणि मागे दोन भल्या मोठ्या एसयूव्ही, रिकाम्या टपांच्या, अशी वरात निघाली. सिग्नलला एक स्कूटरवाला आधी टेम्पोकडे, मग त्या रॅककडे बघून हसला. डॉक्टरांनी काच वर केली.

घरी बायको त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. दोन दिवसांनी डॉक्टर एक अवघड अक्कलदाढ काढत असताना ती दवाखान्यात आली, खिळ्यावरची गाडीची किल्ली घेतली आणि गेली. डॉक्टरांच्या एका हातात पक्कड, दुसऱ्या हातात पेशंटचा जबडा. विचारणार कसं?

संध्याकाळी गाडी परत आली. जुन्या घरात मागे राहिलेला लोखंडी पलंग दोघी बहिणींनी स्वतः टपावर चढवून आईकडे पोचवला होता. खाली चादर घालायला त्या विसरल्या होत्या. मुद्दाम की चुकून, हे त्यांनाच ठाऊक. डोंगरातल्या त्या काळ्या दांडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा ओरखडा उठला होता.

डॉक्टरांनी हात फिरवला. फडक्याने घासलं. थुंकी लावून घासलं. जिवाची नुसती तगमग झाली. बायको पायरीवर उभी राहून बघत होती, पण आपण ओरडलो तर ती काय म्हणेल हे डॉक्टरांना पुरतं ठाऊक होतं, म्हणून ते घासतच राहिले. तेवढ्यात साडूचा फोन आला.

"कळलं मला सगळं," साडूच्या आवाजात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "वाईट झालं हो, डॉक्टर. खूप खोल आहे का ओरखडा?"

डॉक्टरांनी फडकं खाली ठेवलं. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "ओरखडा ना? असणारच. अहो, वापरातली वस्तू आहे. कामाला लागलेल्या रॅकवर खुणा उठायच्याच. शोभेला ठेवला तर काय, जन्मभर चकचकीत राहतो."

"हॅलो?" डॉक्टर गोड आवाजात म्हणाले.

"डॉक्टर," साडूने शेवटी विचारलं, "आईंचं त्या घरात अजून काही आणायचं राहिलंय का हो?"

"कपाट आहे. पण ते आम्ही आणणार."

कपाट डॉक्टरांनी आणलं. साडूने मोडकी आरामखुर्ची आणली, मग कुंड्या आणल्या, मग गच्चीवर टाकून दिलेली पाण्याची टाकीसुद्धा आणली. डॉक्टर मागे हटतात थोडेच! त्यांनी जुना दरवाजा उचलून आणला.

पंधरवड्यात सासूबाईंना दोन खोल्यांत वळायला जागा उरली नाही. एक दिवस खाली हॉर्न वाजला. त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर दोन्ही जावई दोन्ही गाड्यांवर काहीबाही बांधून उभे. सासूबाईंनी दाराला आतून कडी घातली आणि टीव्ही मोठा केला.