एकटीनंच केलंय

"एकटीनंच केलंय सगळं," असं माझी सून पाहुण्यांना सांगून मोकळी झाली. माझ्याकडे बघायचं तेवढं टाळलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी.

पाहुणे तिच्या नव्या कंपनीत भागीदार व्हायला आले होते. दवाखान्यातल्या औषधांचा साठा सांभाळणारा तिचा प्रोग्राम त्यांच्या मनात भरला होता.

मी चौथीत शाळा सोडली, पण तो प्रोग्राम कसा झाला हे मला कुणी सांगायला नको. पाच वर्षांपूर्वी तो कुणा एकाचा नव्हताच. जगभरातली माणसं तो फुकट लिहायची. कुणीही दुरुस्ती पाठवावी, बाकीच्यांनी तपासावी. सून तेव्हा दवाखान्यात औषधं द्यायची. मुदत संपलेलं औषधही प्रोग्राम चांगलं म्हणून दाखवतो, म्हणून चिडली आणि स्वतःच शिकायला बसली. बाळ माझ्या मांडीवर, मोबाईल तिच्या.

पहिली दुरुस्ती नऊ वेळा परत आली. ती परत पाठवणाऱ्याच्या नावापुढे पक्ष्याचं चित्र असायचं. मी त्याला पक्षीवाला म्हणायचे.

"मेला कोण समजतो स्वतःला? मी सासू असून नऊदा चहा परत पाठवला नाही कधी!"

"आई, तो चुका समजावतोय. पान-पानभर लिहितो. कोण लिहितं हो एवढं परक्यासाठी?"

दहाव्यांदा काम पास झालं. ज्याची दुरुस्ती घेतली, त्याचं नाव प्रोग्रामसोबतच्या यादीत घालायचं, अशी त्या लोकांची रीत. सगळ्यात खाली तिचं नाव आलं. मला ती इंग्रजी अक्षरं वाचता येईनात, तरी मी शेजारणीला बोलावून दाखवलं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "यादी कुठंय?"

"काढली."

"कधी?"

"काल. आई, त्यांना एकच मालक लागतो. त्रेचाळीस नावं बघून उठून गेले असते."

"मग जाऊ द्यायचं."

"तुम्हाला बोलायला काय जातं? पाच वर्षं घातलीत मी."

"घातलीस. डोळ्यांनी बघितलंय. म्हणून तर दारात पाय अडले माझे."

ती कपबशा आवरायला लागली. मी तिच्या हातातली बशी काढून घेतली.

"कंपनी चालेल तुझी, चांगली चालेल. तेवढी हुशार आहेस. पण आधी त्या पक्षीवाल्याला फोन लाव आणि स्वतःच्या तोंडानं सांग, की तुझं काम मी माझं म्हणून दाखवलं. ते सांगेपर्यंत मला आई म्हणू नकोस."