तुरटीचं पाणी

यशू पालथी पडून सरकायला लागली तेव्हा मी घरातून फिनेल हद्दपार केलं, कारण तिच्या पोटावर उठलेलं पुरळ फरशीमुळेच आलंय अशी माझी खात्री झाली होती. तशी खात्री त्याआधी पावडरीबद्दल, त्याआधी दुपट्यांच्या साबणाबद्दल आणि त्याहीआधी माझ्या स्वतःच्या दुधाबद्दल होऊन गेली होती.

मिरजगावातलं आमचं भाड्याचं घर दोन खोल्यांचं, हमरस्त्यापासून जरा आत, तरी ट्रकांची आणि उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ खिडकीच्या जाळीतून वाट काढत येतेच. त्यात बोअरचं पाणी जड, नळाच्या तोंडाशी आठवड्यात पांढरा थर धरणारं. मग नळाला पिळलेल्या लिंबाच्या साली, ओट्याला खाण्याचा सोडा, तांब्याच्या हंड्याला चिंच आणि काळ्या शहाबादी फरशीला कोमट पाण्यात मूठभर मीठ, असा माझा क्रम बसला. केमिस्ट्रीतल्या सेकंड क्लास पदवीचा एवढाच उपयोग झाला, असं मीच हसत म्हणायचे, म्हणजे दुसऱ्या कुणी म्हणायला नको. महेंद्र कारखान्यावरून आला की दारात नाक वर करून म्हणायचा, "दीपा, आपल्या घराला लोणच्याचा वास येतोय."

घर लखलखीत होतं. यशूचं वजन मात्र वाढत नव्हतं. अंगणवाडीच्या आरतीताईंनी कार्डावर सलग दोन महिने एकाच उंचीवर टिंब दिलं, आणि हिरव्या पट्ट्यातून ते पिवळ्यात उतरलं. डॉक्टर म्हणाले, तपासण्या चांगल्या आहेत, काळजी करू नका. जणू ती मी ठरवून करत होते. यशू छातीपासून तोंड फिरवायची, नाचणीच्या खिरीचा चमचा जिभेनं बाहेर ढकलायची आणि साडीच्या झोळीत जाऊन पडायची. मी झोळीशेजारी मांडी घालून बसायचे आणि तिच्याकडे बघायचे. तिचा श्वास मोजायचे. हाताच्या मनगटाची घडी कालच्याएवढीच आहे की कमी झाली, ते बघायचे. दुपार अशीच सरायची. महेंद्र म्हणायचा, "अगं, एवढं टक लावून बघितलंस तर मलासुद्धा घास जायचा नाही."

शेजारच्या लंकामावशी एका दुपारी मूठ झाकून घरात आल्या.

"पोरीला नजर हाय, दीपा. लई जवळची."

आमच्या घरात हे असलं कधी झालं नाही. वडील शाळामास्तर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्यासमोर बसून मी विज्ञानाचा अभ्यास केलेला. नको म्हणायला हवं होतं. पण पिवळ्या पट्ट्यातल्या त्या टिंबापुढे माझं सगळं शिक्षण पाच मिनिटं गप्प बसलं. मावशींनी मूठ यशूवरून उतरवली, पुटपुटल्या, आणि मुठीतलं सगळं माझ्या ओंजळीत ओतलं. जाडं मीठ, एक लिंबू आणि लिंबाएवढाच तुरटीचा खडा.

"इस्तवात टाक. तुरटी फुलंल, मग तिच्यात तोंड दिसंल कुणाची नजर हाय ते."

"आमच्याकडे गॅस आहे, मावशी."

"मग तव्यावर फुलीव. पन घरात ठिवू नको, सांगून ठिवते."

त्या गेल्या आणि मी ओंजळीकडे बघत उभी राहिले. जाळायचं म्हणजे मूर्खपणा, टाकून द्यायचं म्हणजे नासाडी. स्वच्छ, चांगला खडा होता, आणि लिंबू तर रसानं टच्च. फरशी पुसायची राहिलीच होती. मी बादलीत कोमट पाणी घेतलं, खडा विरघळेपर्यंत ढवळला, मीठ टाकलं, लिंबू पिळलं, आणि दोन्ही खोल्या कोपरे काढून पुसून घेतल्या.

फरशी वाळली तेव्हा झोळीशेजारी एक पांढरट डाग उमटला होता. मीठ-तुरटीचं पाणी वाळलं की पांढरं उमटणारच, त्यात नवल ते काय. मी साध्या पाण्यानं पुसला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा होता. मग व्हिनेगर झालं, सोडा झाला. बाकी घरभर कुठे काही नव्हतं, फक्त तेवढ्याच जागी.

चौथ्या दिवशी झोळीची गाठ घट्ट करायला स्टुलावर चढले आणि तो वरून पाहिला. बसलेल्या बाईची सावली पडावी तसा होता, फक्त पांढरा. मांडी, वाकलेली पाठ, झोळीकडे झुकलेली मान, आणि डोक्यामागे जरा डावीकडे कललेला अंबाडा. मी खाली उतरले, माझ्या नेहमीच्या जागी जाऊन बसले. तीनचं ऊन खिडकीतून पाठीवर येत होतं. माझी सावली त्या पांढऱ्यावर पडली आणि कुठेही कड न सोडता त्यावर बसली.

त्याच चार दिवसांत यशू दूध प्यायला लागली होती. खीर वाटीभर संपवत होती. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण मलाही ते उशिराच जुळवता आलं.

शुक्रवारी मी कढत पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन ती जागा तासभर घासली. फरशी नव्यासारखी काळी झाली. त्या संध्याकाळी यशूनं तोंड फिरवलं. शनिवारी घोटभरसुद्धा घेतलं नाही; उचललं की अंग ताठ करून रडायची, आणि झोळीतून मान वळवून खालच्या काळ्या फरशीकडे बघत राहायची. रविवारी दुपारी पांढरं परत आलं. माझ्या हातून तिनं खिरीची वाटी संपवली, पण खाताना माझ्याकडे बघत नव्हती.

त्यानंतर मी ती जागा सोडून पुसायला लागले. महेंद्रच्या लक्षात आलं.

"इथलं राहिलंय बघ."

"राहू दे."

"तू आणि डाग राहू देणार?" तो हसला. "बरी आहेस ना?"

"बरी आहे," मी म्हणाले, आणि खरंच बरी होते. यशूच्या गालांवर मांस चढत होतं.

मधे लंकामावशी ताक घेऊन आल्या. "मग? कुनाचं तोंड आलं तुरटीत?"

"बघितलंच नाही, मावशी."

"बघायचं अस्तं गं. परक्याचीच लागती असं न्हाई. आईचीबी लागती, लई बघितलं की." एवढं बोलून त्या यशूचा गाल कुरवाळायला झोळीपाशी गेल्या. जाताना त्यांनी लुगडं जरा उचललं आणि त्या जागेला वळसा घातला, बसलेल्या माणसाच्या अंगावर पाय पडू नये म्हणून घालतात तसा. खाली मात्र त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

आता दुपारभर मी स्वयंपाकघरातच असते. डबे घासते, राखेनं कढई काढते, कान आतल्या खोलीकडे ठेवून. यशू रडत नाही. कधीकधी हसल्याचा आवाज येतो. मी उठत नाही, कारण मी बघितलं की काय होतं ते मला माहीत आहे. परवा आरतीताईंनी टिंब हिरव्या पट्ट्यात दिलं. "अशीच सांभाळा आता," त्या म्हणाल्या, आणि मी मान डोलावली, दुसऱ्याच्या कामाची शाबासकी घ्यावी तशी.

आज फरशी पुसत त्या जागेपर्यंत आले आणि फडकं थांबवलं. पांढऱ्या मांडीच्या मधोमध एक गोल काळा भाग स्वच्छ झाला होता, लहान मुलाचं डोकं टेकावं एवढा. यशूला मी अकरा वाजता झोळीत ठेवलं होतं. पडू नये म्हणून झोळीच्या तोंडाला मी रुमाल बांधते. त्याची गाठ मी मारली तशीच होती. आत ती गाढ झोपलेली होती.

मी रुमाल सोडला आणि तिला उचललं. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघतात तसं, न रडता, जरा कुतूहलानं. मी तिच्या टाळूवर ओठ टेकवले.

टाळू खारट लागली, आणि मागून किंचित तुरट.