आढ्यावरची फट

मी एक जुना गोठा आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. का बसावा? विस्कॉन्सिनमधल्या या शेतावर मी आलो तोच ट्रकवर आडवा पडून, सुट्या तुकड्यांत: खांब, छपराच्या कैच्या, पन्हळी पत्रे आणि पेटीभर स्क्रू. ज्याचा जन्मच असा सुटा, त्याला आपलं कोण काय काढून नेईल याची धास्ती असतेच.

माझा धनी आर्विड आणि शेजारचा क्लेम यांनी मला उभं केलं. खड्डे खणून खांब रोवले, वर कैच्या चढवल्या. पत्रे बसवताना क्लेमने आढ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फट सोडली. मला ते खटकलं. आर्विडलाही.

"अरे, छपराला भोक कोण ठेवतं?"

"गाईंचा वाफारा जायला वाट नको?" क्लेम वरूनच ओरडला. "खालून शहाणपणा शिकवू नकोस, शिडी धर!"

मग गाई आल्या. माझ्या खांबांना पाठ घासत उभ्या राहू लागल्या. येणारेजाणारे म्हणत, "काय झकास गोठा!" स्तुती करणाऱ्यांवर माझी विशेष नजर असे. त्यातल्याच एकाने जाताना फावडं लांबवलं होतं.

हिवाळ्यात फटीतून थोडा बर्फ भुरभुरला. आर्विड पोत्यांचे बोळे घेऊन वर चढला आणि फट गच्च बुजवून आला. गाई उबेत राहतील, असं त्या भल्या माणसाला वाटलं. पण लवकरच माझ्या पत्र्यांना आतून घाम फुटला. बाहेर लख्ख ऊन आणि आत टपटप. वासरं भिजली, खोकू लागली. सगळ्यांत धाकटं एका सकाळी उठलंच नाही.

आर्विडने क्लेमला बोलावून घेतलं. "छप्पर गळतंय. अर्धे स्क्रू खिशात घातलेस ना? तुझं कोंबड्यांचं खुराडं एकाएकी कसं उभं राहिलं, तेच म्हणतो मी!"

क्लेमचा चेहरा उतरला. "तू आजारी होतास तेव्हा तुझ्या गाईंच्या धारा मी काढल्या, आर्विड. तेव्हा दूध मोजून घेतलं होतंस का?"

तो तडक निघून गेला. खरं सांगतो, मलाही त्याचाच संशय होता.

दुसऱ्या दिवशी आर्विडची बायको मार्लिस धारेला आली. दारातून आत पाऊल टाकताच तिचा चष्मा धुक्याने पांढरा झाला. पुसला, पुन्हा पांढरा. तेव्हा तिने वर पाहिलं.

"आर्विड! आभाळ कोरडं ठणठणीत आहे. मग हे पाणी कुठलं? गाईंचा श्वास आहे हा! त्याची वाट बुजवलीस तू, आणि चोर ठरवलंस क्लेमला?"

बोळे निघाले. कोंडलेली वाफ भसाभस बाहेर पडली. टपटप थांबली, बाकीची वासरं वाचली. आर्विड टोपी हातात धरून क्लेमच्या दारात गेला आणि "चुकलो रे" म्हणाला.

मित्रांनो, आम्हा गोठ्यांना श्वास घेऊ द्या. थोडं गार वारं आत आलं म्हणून बिघडत नाही, कोंडलं की सगळं नासतं. आणि गळती दिसली, तर दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपण काय करून बसलो ते बघा.

आता माझे पत्रे गंजलेत. सैल झालेले स्क्रू आवळायला अजूनही क्लेमच येतो. दोघे म्हातारे एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात. पण काम आटोपलं की क्लेम आर्विडसमोर उभा राहतो आणि दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो.

"असू दे रे, क्लेम," आर्विड दर वेळी म्हणतो.

क्लेम तरीही दाखवतोच.