खिडकीतली ताटली

दात बनवणाऱ्या माणसांना खाणाऱ्याकडे बघायची खोड असते. समोरचा कुठल्या बाजूने चावतो, कुठली दाढ टाळतो, घास गालात किती वेळ ठेवतो, हे त्यांना मान वर न करताही दिसतं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कवळ्यांच्या कारखान्यात अशी पाच माणसं होती. आणि तरीही वहिनींच्या डब्यातलं कोण खरंच खातं आणि कोण खाल्ल्यासारखं करतं, हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. डबा उघडला की प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघणं कटाक्षाने टाळायचा. आपल्याही तोंडाकडे कोणी बघू नये म्हणून.

वहिनी मेणकाम करायच्या. त्यांचा नवरा पूर्वी इथले तयार दात दवाखान्यांत पोहोचवायचा, तेव्हापासून त्या सगळ्यांच्या वहिनी. नवऱ्याने पुढे दुसरीकडे नोकरी धरली, पण हे नातं कारखान्यातच राहिलं. घराच्या गच्चीवर बादल्यांत, फुटक्या टबांत आणि जुन्या पोत्यांत माती भरून त्यांनी भाज्या लावल्या होत्या. मांस सोडलं होतं, दूध सोडलं होतं, पाकिटातलं खाणं सोडलं होतं, आणि जे सोडलं त्याची आठवण इतरांनाही करून देणं तेवढं सोडलं नव्हतं. रोज दुपारी त्यांचा मोठा डबा फिरायचा. भाजलेले हरभरे, मोडाचे मूग, काकडीचे काप, नाहीतर जवाच्या पिठात भाजी किसून तव्यावर भाजलेल्या चकत्या.

डबा रिकामा परत जायचा, हा कारखान्याचा नियम. तो कोणी केला नव्हता, पण त्याचा उगम सगळ्यांना माहीत होता. पॉलिशवाला एकदा मोडाच्या मेथीला "वहिनी, कडू आहे हो" म्हणाला होता. वहिनी रागावल्या नाहीत. त्या फक्त गप्प झाल्या, आणि संध्याकाळपर्यंत गप्पच राहिल्या. त्या दिवशी मालकीणबाईंनी पॉलिशवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझ्या जिभेपायी माझं मेणकाम बिघडतंय. घास गिळ आणि छान म्हण." तेव्हापासून सगळं छान होतं.

सगळ्यात छान म्हणायचे ते काका. काका आतल्या खोलीत धातू वितळवून साच्यात ओतायचे. तिथे भट्टी होती, गॅसची ज्योत होती, आणि ओतकाम चालू असताना कोणी दार उघडू नये म्हणून ते आतून कडी लावायचे. साचे द्यायला-घ्यायला भिंतीत एक लहान खिडकी होती. त्या खिडकीच्या फळीवर काकांची ताटली असायची. काका दुपारी बाहेर येत नसत, वहिनी त्यांचा वाटा ताटलीत ठेवायच्या, आणि थोड्या वेळाने आतून आवाज यायचा, "झकास."

त्या दिवशी चकत्या होत्या, माणशी दोन. वहिनींनी स्वतः खाल्ल्या नाहीत. दातांच्या कारखान्यात बसून त्यांचीच दाढ ठणकत होती, आणि पॉलिशवाल्याने त्यावर सकाळपासून दोनदा विनोद करून घेतला होता. जेवणं झाली, डबा नियमाप्रमाणे रिकामा झाला, तोंडं नियमाप्रमाणे हसरी राहिली. वहिनी मेणाची सुरी गरम करत होत्या, तेवढ्यात फोन आला. सासूबाई होत्या.

"तू सकाळी तो भोपळा चाखला होतास ना?"

"मी? तुम्ही कापलात ना तो? मला वाटलं, तुम्ही चाखलात."

"कापला मी, किसलास तू. किसणारीने चाखायचं असतं."

"कापणाऱ्याने चाखायचं, आई. तुम्हीच शिकवलंय मला."

पलीकडे थोडा वेळ नुसतं पाणी वाहत असल्याचा आवाज आला.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम लहान झाला. "उरलेला तुकडा मी आत्ता सूपमध्ये घातला. जिभेला लावला आणि थुंकले. अजून चुळा भरतेय. इतकं कडू मी आयुष्यात तोंडात घेतलं नाही. तो वेल कुठला गं?"

वहिनींच्या हातातल्या सुरीवरचं मेण टेबलावर ठिबकलं. तो वेल त्यांनी लावलाच नव्हता. भाज्यांची सालं-बिया टाकायच्या पोत्यात तो आपसूक उगवला होता, आणि फुकटचा वेल म्हणून त्यांनी तो आठवडाभर सगळ्यांना कौतुकाने सांगितला होता. पोत्याला लागूनच शेजारणीचे रंगीत भोपळे होते. पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, मुठीएवढे. दिवाणखान्यात ठेवायचे, खायचे नाहीत, कारण कडू जहर. मागच्या हंगामात मधमाश्या दोन्हीकडच्या फुलांवर बसल्या असणार. फळ दिसायला भाजीचं, आत शोभेचं.

"आई, भाजल्यावर जातो ना कडूपणा?"

"नाही जात. आमच्या जुन्या घराशेजारी एक कुटुंब असंच खाऊन बसलं होतं. तिघं घरी आले दवाखान्यातून." सासूबाई थांबल्या. "चौघं गेले होते. किती जणांनी खाल्लं तिकडे?"

वहिनींनी डब्याकडे बघितलं. डबा चाटूनपुसून स्वच्छ होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी रिकाम्या डब्यात काही उरलंय का ते शोधलं.

त्या उठल्या. रंगवाली दाताच्या कवचावर बारीक ब्रशने पिवळसर छटा देत होती. कारखान्यात सगळ्यात लहान, महिनाभरापूर्वी लग्न झालेली.

"चकत्या कशा होत्या गं?"

"छान होत्या, वहिनी."

"कडू होत्या का?"

"छे हो. म्हणजे, पौष्टिक होत्या."

"नीट ऐक," वहिनी म्हणाल्या. "त्या विषारी होत्या. तू किती खाल्ल्यास, खरं सांग. मी रागावणार नाही. तू खोटं बोललीस तर मात्र मी इथेच बसून रडेन."

रंगवालीने ब्रश खाली ठेवला. "एकीचा तुकडा तोडून तोंडात टाकला आणि टिश्यूत थुंकला. ती चकती माझ्या पर्समध्ये आहे."

"आणि दुसरी?"

"दुसरी अख्खी होती. वाया कशाला घालवायची म्हणून..." तिने खिडकीकडे बघितलं. "काकांना आवडतं ना सगळं."

पॉलिशवाल्याने मशीन बंद केलं होतं. विचारायच्या आतच तो म्हणाला, "माझी पहिली प्लास्टरच्या बादलीत आहे. घट्ट झाली असेल एव्हाना. दुसरी..." तो एवढंच बोलला, आणि तोही खिडकीकडे बघायला लागला.

मालकीणबाई काचेच्या दाराआडून बाहेर आल्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि उभ्या आयुष्यात कधी लाजल्या नसतील तेवढ्या त्या लाजल्या होत्या. "माझी एक ड्रॉवरमध्ये आहे, दुसरी मी हात धुवायला जाता जाता ताटलीत ठेवली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी एकटीच ठेवतेय."

प्रत्येकाला तसंच वाटलं होतं. प्रत्येकाने दुसऱ्याची पाठ वळायची वाट बघून आपली सभ्यता त्या एका ताटलीत नेऊन ठेवली होती. काकांच्या स्वतःच्या दोन. या तिघांची एकेक. आणि मग वहिनींना आठवलं की दाढ दुखते म्हणून आपल्याही दोन आपण तिथेच ठेवल्या, आणि वर "काका, आज चैन आहे तुमची" असं म्हणालो.

आतून "झकास" हा आवाज आला होता का? चौघंही आठवायला लागले. रोजचा आवाज असा असतो की तो आला की नाही हेच आठवत नाही.

"काका," वहिनींनी हाक मारली.

हवेचा पंप घरघरत होता. उत्तर आलं नाही. खिडकीची झडप ओढलेली होती. पॉलिशवाल्याने ती बाजूला सरकवली. फळीवरची ताटली रिकामी होती. आणि त्या चौकोनातून एक वास बाहेर आला, तेव्हा चौघांनी एकदम एकमेकांकडे बघितलं. त्या दिवसातली चौघांनी एकाच वेळी केलेली ती पहिली खरी गोष्ट.

गॅस.

आत भट्टी तापलेली होती. कोपऱ्यात तिचं दार लालसर दिसत होतं. टेबलावर ज्योतीची नळी आडवी पडली होती, ज्योत विझलेली आणि नळी फुसफुसत. काकांचं स्टूल रिकामं होतं.

पॉलिशवाला बाहेरच्या जिन्याकडे धावला. गॅसची मुख्य चावी तिथे होती. मालकीणबाई समोरच्या खिडक्या उघडत सुटल्या. रंगवाली अँब्युलन्सला फोन लावत जिना उतरली. आणि वहिनी, ज्यांना जिन्यात झुरळ दिसलं तरी कोणाला तरी हाक मारावी लागायची, त्या तिथेच झडपेशी तोंड लावून उभ्या राहिल्या. आपण हललो तर भट्टी पेटेल अशी काहीतरी वेडी समजूत त्यांनी करून घेतली होती.

"काका, गॅस सुटलाय. कडी काढा."

टेबलाच्या मागून आवाज आला. बारीक, पण काकांचाच. "कुठला गॅस?"

"एवढा वास येतोय ना. काका, उठा."

"मला नाही येत," काका म्हणाले. मग जरा थांबून, गुन्हा कबूल करावा तसं, "मला कसलाच येत नाही."

नळीची फुसफुस बंद झाली. भट्टी काही करायची तर करून चुकली असती. तिने काही केलं नाही. काका खरडत दारापर्यंत आले आणि कडी काढता काढता तिथेच बसले. चेहरा प्लास्टरच्या रंगाचा झाला होता, कपाळावर गार घाम, आणि हातात बादली. ती बादली त्यांनी वहिनींना दिसू नये म्हणून पाठीमागे सरकवली.

"पित्त झालंय," ते धावत परत आलेल्या पॉलिशवाल्याला हळूच म्हणाले. "बराच वेळ चाललंय. वहिनींना सांगू नकोस, त्यांना वाटेल डब्यामुळे."

दवाखान्याच्या बाकड्यावर वहिनी हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. आत काकांचा रक्तदाब वर येत नव्हता. नर्स दोनदा घाईने गेली, एकदा सावकाश आली, आणि वहिनींना सावकाश येण्याचीच जास्त भीती वाटली. सासूबाई रिक्षाने आल्या. पिशवीत उरलेला भोपळा होता, डॉक्टरांना दाखवायला. त्या सुनेशेजारी बसल्या आणि पिशवी दोघींच्या मधे ठेवली.

"कापला मी होता," त्या म्हणाल्या.

वहिनींनी मान हलवली. एरवी या वाक्यासाठी त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं.

डॉक्टर तरुण होत्या. "रक्तदाब थोडा सावरतोय," त्या म्हणाल्या. "रात्रभर ठेवून घेऊ, उद्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण मला एक कळत नाही. यातला एक तुकडा तोंडात गेला की माणूस थुंकतो. यांनी सात खाल्ले. यांना कडू लागलं नाही?"

मालकीणबाई दिसत होत्या भिंतीकडे बघताना, पण बघत असाव्यात त्या आतल्या खोलीकडे. आत ज्योत पेटवण्याआधी गॅस गळत नाही ना, हे बघायचं काम काकांच्या नाकाचं होतं. मेण जळून साचा मोकळा झाला की नाही, हेही काका वासावरून सांगायचे. गेलं वर्षभर सगळे दात बनवत होते ते त्या नाकाच्या भरवशावर.

"लागलं नसेल," पॉलिशवाला अखेर म्हणाला. "मागच्या वर्षी त्यांना मोठा ताप आला होता, त्यात वासाबरोबर चवही गेली असणार. आता आठवतंय, तेव्हापासूनच ते सगळ्याला झकास म्हणायला लागले."

सकाळी वहिनींना आत सोडलं. काकांच्या हाताला सलाइन होतं, डोळे उघडे होते. वहिनी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "चकत्या वाईट नव्हत्या हो."

"काका, आता तरी खरं बोला."

"भट्टीवरून काढलं असतं मला. नाक नाही म्हटल्यावर कोण ठेवणार तिथे," ते म्हणाले. "आणि तुमचा डबा... मला त्यातलं गरम कळतं, गार कळतं. मऊ कळतं. करकरीत कळतं. तुमच्या हरभऱ्यांचा आवाज फार चांगला येतो कानात. त्याच्यासाठी म्हणायचो झकास. ते खोटं नव्हतं."

वहिनींनी गच्चीवरचा वेल मुळासकट उपटला आणि शेजारणीलाही सांगून आल्या. मग काकडी तपासली, मग टोमॅटो, मग निरुपद्रवी पालक. प्रत्येक पानाचा तुकडा आधी जिभेच्या टोकाला लावून बघायची सवय त्यांना लागली. सासूबाई वेगळ्या चाखायच्या. आता घरात सगळं दोनदा चाखलं जात होतं.

काका परत आले ते बाहेरच्या खोलीत, प्लास्टरच्या टेबलावर. भट्टी पॉलिशवाल्याकडे गेली, आणि तो तासाला नाक वर करून हवा हुंगायचा; ते बघून कोणी हसत नव्हतं. खिडकीच्या फळीवरची ताटली वहिनींनी धुऊन घरी नेली.

मग एका दुपारी त्यांनी डबा उघडला. काकडीचे काप आणि भाजलेले हरभरे. कोणी हात पुढे केला नाही. वहिनींनी पहिला काप स्वतः खाल्ला, आणि चौघं जण, आयुष्यात पहिल्यांदा, उघडपणे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. कुठल्या बाजूने चावतात, कधी गिळतात. रंगवालीने दुसरा काप घेतला. पॉलिशवाल्याने तिसरा.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला, आणि लगेच मालकीणबाईंकडे बघितलं.

वहिनींनी पुन्हा चावून बघितलं. खरंच कमी होतं. "हो," त्या म्हणाल्या, आणि मिठाची डबी पुढे सरकवली.

काकांनी काप हातात धरून ठेवला होता. सगळ्यांचं खाऊन होईपर्यंत ते थांबले. मग तो दाढेखाली घेतला. मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"करकरीत आहे," ते म्हणाले.

वहिनी हसल्या आणि मेणाच्या टेबलाकडे वळल्या. पण त्यांनी खुर्ची फिरवून ठेवली होती, काका समोर दिसतील अशी. संध्याकाळपर्यंत काकांचा हात नुसता शर्टाचं बटण नीट करायला पोटाशी गेला, तरी त्यांच्या हातातली सुरी थांबायची.