कॉफीला न थांबलेली फुर्गोन

मित्रांनो, मी एक जुनी फुर्गोन आहे. तुमच्याकडे वडापाची गाडी म्हणतात ना, तीच माझी जात. माझा जन्म जर्मनीतला. तिथे बारा वर्षे मी एका बेकरीचे पाव वाहिले. अंगाला तो वास असा भिनला होता, की अल्बेनियात आले तेव्हा महिनाभर चिमण्या माझा पिच्छा सोडत नव्हत्या. पाश्क नावाच्या ड्रायव्हरने मला घेतले, आत बाके ठोकली आणि डोंगरातल्या गुर्बार्ध गावापासून श्कोडर शहराच्या वाटेला लावले. त्या घाटात मी इतकी जोरात पळत असे, की एकदा माझी सावलीच मागे राहिली. दुसऱ्या दिवशी जाऊन आणली. खोटे वाटत असेल तर पाश्कला विचारा. तो माझ्याहून जास्त फेकतो.

आम्हाला वेळापत्रक नाही. गाडी भरली की निघाली. म्हणून खिसा हलका असलेल्या प्रवाशांची माझ्यावर फार माया. बोहुमिल त्यातलाच. तो स्लोव्हाकियातला निवृत्त मास्तर. "घरी माझी पेन्शन लंगडते, इथे ताठ चालते," असे तो सांगायचा. गुर्बार्धला उतरताना त्याने विचारले, "उद्या परतीला जागा मिळेल ना?"

पाश्क छातीवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी हलणार नाही. शब्द दिला."

आमच्या डोंगरात शब्द दिला की संपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी गच्च भरले. पुढच्या बाकावर द्राने म्हातारी बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शहरात डोळ्यांचे डॉक्टर आले होते आणि दुपारी बारापर्यंतच नावे घेणार होते. त्यानंतर ते येणार थेट वसंतात. वाट तीन तासांची. आणि मास्तरांचा पत्ता नाही! ते पहाटेच धबधबा बघायला गेले होते.

"जाऊ दे रे त्याला, मावशीचे डोळे महत्त्वाचे," मागून कोणीतरी म्हणाले.

द्राने गरजली, "गप बस! पाश्कने दिलेला शब्द माझ्या डोळ्यांसाठी मोडायचा? मग त्या डोळ्यांनी मी बघू काय, तुझं थोबाड?"

मग दोघे जण मास्तरांना शोधायला गेले. ते आले नाहीत. त्यांना शोधायला तिघे गेले. तेही आले नाहीत. मग त्यांच्यामागे उरलेले सगळे गेले. साडेआठ वाजेपर्यंत माझ्यात उरले पाश्क आणि द्राने.

"पाश्क, तू माणसं शोधायला पाठवलीस की पाहुणचाराला?" म्हातारी म्हणाली.

झाले तसेच होते. धबधब्याच्या वाटेवर सात घरे. आमच्याकडे दारावरून जाणाऱ्याला कॉफी न पाजणे म्हणजे घराची नाचक्की, आणि ती न पिणे म्हणजे त्याहून मोठी. कॉफीमागून तुतीचा मुरंबा, मुरंब्यामागून चीज, चीजमागून धाकट्याच्या लग्नाचे फोटो.

पाश्क उतरायला लागला. द्रानेने त्याची बाही धरली. "तू उतरलास की तुझीही कॉफी होणार!"

मित्रांनो, आता माझे दुखणे सांगते. माझे इंजिन एकदा बंद पडले, की चार जणांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून पाश्क मला नेहमी उतारावर उभी करतो. त्याने ब्रेक सोडला. मी गडगडले, खोकले आणि सुरू झाले. मग मुंगीच्या चालीने आम्ही त्या सात घरांवरून निघालो.

"अरे पाश्क, आत ये! कॉफी टाकलीय!"

"थांबता येत नाही! गाडी बंद पडली तर मावशीचे डोळे गेले!"

माझ्या त्या खोडीपुढे सगळा पाहुणचार हरला. एकेक प्रवासी धावत येऊन आत उडी मारत होता. एक बाई कप घेऊन माझ्याबरोबर पळाली आणि वळणापर्यंत पाश्कला कॉफी पाजून गेली. सातव्या घरातून मास्तर निघाले. दोन्ही खिशांत अक्रोड, काखेत अख्खा पाव.

"मी फक्त पाणी मागितलं होतं हो!" ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

"आमच्याकडे पाणी मागायचं नसतं, मास्तर. तहान लपवायची असते," द्राने म्हणाली.

त्या दिवशी मी घाटातल्या वाऱ्यालाही मागे टाकले. बाराला दहा मिनिटे असताना म्हातारीचे नाव लागले.

दोन आठवड्यांनी द्राने परतीला आली. डोळे लख्ख. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि किंचाळली, "अगं बाई! हे खटारं? चार वर्षं मी यात बसत होते?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण म्हातारीने कमरेचा एप्रन सोडला, बादली मागवली आणि माझी काच घासायला घेतली. "पाश्क, रंग आण. निळा. आता मला दिसतं, कळलं ना?"

मित्रांनो, तुमच्या वाटेवरही एखादी खोकणारी गाडी असेल. तिला हसा, खुशाल हसा. पण हसून झाल्यावर तिची काच तेवढी पुसा.